पाचवा शब्द

प्रिय बबडे,

आधीच सांगते, घाबरू नकोस. घरून एवढं जाड पाकीट आलं की तुझ्या छातीत धस्स होतं हे मला माहीत आहे, पण इथे सगळे ठणठणीत आहेत. मी तर इतकी ठणठणीत आहे की कालपासून एका जागी बसवत नाही. सकाळी दूध उतू घालवलं, शेजारच्या नर्सबाईंना एकच गोष्ट दोनदा सांगितली, आणि आता उद्याच्या ईस्टरसाठी देवळातले पडदे इस्त्री करून द्यायचे, तर ते तसेच खुर्चीवर टाकून जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. तुझे बाबा समोर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करतायत आणि मधूनच माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतायत. फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तू "हो, हो, छान, बोलू नंतर" म्हणतेस आणि ठेवून देतेस, हल्ली तर फारच. ही गोष्ट तुला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायलाच हवी. तर ऐक. काल उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, खच्चून भरलेल्या देवळात, अख्ख्या मंडळीसमोर तुझे बाबा बोलले.

पुन्हा वाच हवं तर. गायले नाहीत, बोलले. एकटे, पुढे उभे राहून! जे बँकेच्या खिडकीशी मला पुढे करतात, ज्यांच्या वतीने तू सहा-सात वर्षांची असल्यापासून दुकानात "बाबांना मोठे खिळे हवेत" असं सांगायचीस, ज्यांनी लेथवरचं काम मुद्दाम निवडलं कारण त्या कारखान्यात इतका खडखडाट असतो की कुणी कुणाशी बोलायच्या फंदात पडत नाही, ते तुझे बाबा. आणि अडखळले नाहीत असं समजू नकोस. चिक्कार अडखळले. ते सगळं सांगते, पण क्रमाने सांगू दे, नाहीतर माझंच मुसळ केरात जाईल. जावईबापूंनाही वाचून दाखव. ते आपल्या मंडळीतले नाहीत, म्हणून त्यांना कळेल अशा बेताने जरा सविस्तर लिहिते, तू कंटाळू नकोस.

ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस, म्हणजे आपला उपवासकाळ, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं अजून 'लेंथ' म्हणतात. (लग्नानंतर पहिल्या वर्षी मी बाबांना सांगितलं, उद्यापासून लेंथ सुरू. त्यांच्या गावच्या मंडळीत हे पाळत नसत. ते म्हणाले, "आमचा लेथ तर बा-बाराही महिने सुरू असतो." मला वाटलं माणूस गंभीरपणे बोलतोय. विनोद होता हे मला यंदा कळलं. ते कसं, तेही सांगते.) तर यंदा पहिल्या बुधवारी संध्याकाळच्या उपासनेला नव्या पाळकबाईंनी विचारलं, या काळात कोण काय सोडणार? या पाळकबाई तू अजून पाहिल्या नाहीस. तुझ्यापेक्षा थोड्या लहान असतील, सायकलवरून फिरतात आणि प्रवचन वीस मिनिटांत आटपतात, त्यामुळे निम्मी मंडळी खूश आणि निम्मी नाराज. मी चहा सोडला. नर्सबाईंनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी दुसऱ्यांबद्दल बोलणं सोडलं, आणि बिचाऱ्या पहिले आठ दिवस इतक्या गप्प होत्या की लोक त्यांना आजारी समजून फळं घेऊन गेले. वकीलकाकांनी नेहमीप्रमाणे काहीही सोडलं नाही. तुला त्यांचं म्हणणं पाठच आहे: तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट मिळालेलं आहे, ते उपाशी राहून विकत घेता येत नाही, आणि जो तसा प्रयत्न करतो तो कृपेचा अपमान करतो. हे सांगता सांगता त्यांनी बशीतली सगळी बिस्किटं संपवली. पाळकबाई हसून म्हणाल्या, "काका, विकत घ्यायला नाही, हात रिकामे करायला सोडायचं. हात भरलेले असले तर देव देणार कुठे?" मला ते फार आवडलं. बाबांना काही विचारलंच नाही कुणी. कारण आपल्या मंडळीत बाबांना कुणी विचारत नाही.

ते तुला आठवत असेल. गृहप्रार्थनेला शास्त्रपाठ असला की एकेकाने बायबलातली एकेक ओवी वाचत पुढे जायचं, आणि बाबांची पाळी आली की पलीकडचा माणूस काही न बोलता त्यांचीही ओवी वाचून टाकायचा. कुणी ठरवलेलं नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानेच केलेलं. बाबा मान खाली घालून पुस्तकात बोट फिरवत राहायचे. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणायचं असलं की त्यांचं काही अडत नाही, प्रभूची प्रार्थना धडाधड म्हणतात, आणि गाण्यात तर त्यांचा खालचा आवाज नसला की गीत पोकळ वाटतं. पण एकट्याने म्हणायचं आलं की संपलं. त्यातून त्यांचं हाडवैर 'प'शी. आणि आपल्याकडे बघ ना: प्रभू, पिता, पवित्र, प्रार्थना, पाप, पश्चात्ताप, पुनरुत्थान! एक शब्द म्हणून सोपा ठेवलेला नाही. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही मनातल्या मनात काय म्हणून हाक मारता हो? म्हणाले, "देवा. ल-लहान आहे, चटकन निघतो."

त्यानंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर मागच्या खोलीत बैठक बसली. उत्तम शुक्रवारी भर दुपारी आपल्याकडे तीन तासांची उपासना असते. प्रभू क्रुसावरून सात वेळा बोलला, त्यातल्या एकेका बोलण्यावर मंडळीतल्या एकेकाने उभं राहून विचार सांगायचे. आपण त्यांना सात शब्द म्हणतो, असतात खरी वाक्यं. माणसं वर्षानुवर्षं ठरलेली. पहिला शब्द वकीलकाकांचा, सहावा डॉक्टरीणबाईंचा, आणि पाचवा, म्हणजे प्रभूने आपल्याला तहान लागल्याचं सांगितलं तो, निवृत्त हेडमास्तरांचा. पण हेडमास्तर यंदा लेकाकडे राहायला गेले. पाळकबाईंनी विचारलं, पाचवा कोण घेईल? सगळ्यांनी एकदम आपापल्या चपला निरखायला सुरुवात केली. आणि बबडे, बाबांनी हात वर केला. मला वाटलं हात अवघडला असेल. पाळकबाईंना वाटलं पंखा लागतोय. "पंखा कमी करू का?" त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली, छातीवर बोट ठेवलं आणि "पा... पा..." म्हणून अडकले. "पाणी हवंय त्यांना, पाणी द्या," म्हणून मावशी उठल्यासुद्धा. बाबांनी त्यांना हाताने बसवलं. घाम फुटला होता त्यांना. बऱ्याच वेळाने शब्द बाहेर पडला, "पाचवा. मी."

वकीलकाका मवाळ आवाजात म्हणाले, "अहो, कशाला उगाच त्रास करून घेता? तुम्ही गाता की छान." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं गं, ते बाबांना जपत होते, मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. पण पाळकबाई म्हणाल्या, "काका, मला इथे बोलावलं तेव्हा तुम्हीच पहिल्या भेटीत सांगितलं होतंत ना, देव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा कुणी लागत नाही म्हणून आपण प्रोटेस्टंट? मग ह्यांच्या वतीने आपण कोण ठरवणार?" काकांनी स्वतःच वहीत पाचव्यापुढे बाबांचं नाव लिहिलं.

घरी येताना मी वाटेत सारखी विचारत होते, अहो, हे काय डोक्यात घेतलंत, कशासाठी? ते म्हणाले, "नंतर सांगतो." आणि घरात आल्यावर चपला काढता काढता त्यांनी माझ्याकडे एक मागणं मागितलं. मला त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहायचंय, कारण ते पूर्ण व्हायला चांगला वेळ लागला आणि मी मध्ये तीनदा चुकीचा शब्द घातला. ते म्हणाले, "तू चहा सोडलायस. तो पी. त्याऐवजी माझी वाक्यं पुरी करणं सोड."

बबडे, चहा सोडणं म्हणजे काहीच नाही! जवळजवळ सहा आठवडे मी जो उपवास केला तो जगात कुठल्या बाईने केला नसेल. कल्पना कर, जेवताना ते "मी... मी..." म्हणतायत, मीठ समोर दिसतंय, माझा हात शिवशिवतोय, भाजी गार होतेय, आणि मी ओठ दाबून बसले आहे. नळ दुरुस्त करणारा दारात उभा, बाबा त्याला काय बिघडलंय ते सांगतायत, तो माझ्याकडे बघतोय की वहिनी तुम्ही सांगा, आणि मी छताकडे बघतेय. पहिल्या आठवड्यात तर मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात जायचे. पण दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. मी विचारलं भाजी कुठली करू, ते म्हणाले "को...", आणि मी सवयीप्रमाणे कोबी घेतला, पण शपथेमुळे तोंडाने बोलले नाही, नुसती थांबले. आणि वाक्य पुरं झालं. "कोणतीही चालेल." कोणतीही! अगं, लग्नापासून मी त्या माणसाला आठवड्यातून दोनदा कोबी घालतेय, कारण पहिल्याच दिवशी ते "को" म्हणाले आणि मी "कोबी का?" विचारलं आणि त्यांनी सुटकेचा श्वास टाकून मान डोलावली. मी विचारलं, तुम्हाला कोबी आवडतो ना पण? त्यांनी इतक्या करुण चेहऱ्याने नाही म्हटलं की मी हसता हसता जमिनीवर बसले. तेही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही दोघं त्या कोबीकडे बघून हसत होतो.

आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की आपले बाबा भारी विनोदी आहेत. त्यांच्या वाक्याचा शेवट नेहमी गमतीचा असतो, पण त्या शेवटापर्यंत आपण त्यांना कधी पोहोचूच दिलं नाही. लेथचा तो विनोदही त्यांनी मला पुन्हा सांगितला, आणि इतक्या वर्षांनी मला हसू आलं. या वयात नवऱ्याशी नव्याने ओळख होणं म्हणजे काय, ते तुला काय सांगू! संध्याकाळी ते कामावरून यायच्या वेळेला मी केस विंचरून बसायला लागले होते, हसू नकोस.

तयारी मात्र त्यांनी मला ऐकू दिली नाही. गच्चीवर जायचे, कपडे वाळत घालायच्या तारांमध्ये येरझाऱ्या घालायचे. झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रविवारी तर सगळे झावळ्या हलवत गात देवळाला फेरी घालत होते आणि हे ओठ हलवत वेगळंच काहीतरी पुटपुटत होते. मी रोज प्रार्थना करायचे. खरं सांगू, मी "त्यांना नीट बोलता येऊ दे" अशीच प्रार्थना करत होते. पाळकबाईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नीट म्हणजे कसं?"

आता काल. गरमी मरणाची होती, खिडक्या उघड्या टाकूनही वारा नव्हता. वेदीवर काळं कापड, फुलं नाहीत, नुसता लाकडी क्रूस. उपवास म्हणून कुणी पाणीही घेतलेलं नव्हतं. पहिला शब्द वकीलकाकांनी क्षमेवर चांगलाच घेतला, पण लांबवला. दुसरा, तिसरा, चौथा झाला. प्रत्येकानंतर एक गीत. चौथ्यानंतरचं गीत संपलं आणि पाळकबाईंनी बाबांकडे बघून मान हलवली. ते उठले. निळा शर्ट, तू पाठवलेला. चालत गेले, पुढे उभे राहिले, दोन्ही हातांनी लाकडी स्टँड धरला आणि बराच वेळ काहीच आलं नाही. अगदी काहीच. ओठ हलतायत, मानेची शीर फुगलेली, आणि आवाज नाही. बाकांवर माणसं अंग चोरून बसली होती. मला वाटलं उठावं आणि त्यांना हाताला धरून घरी न्यावं. मी शेजारच्या मावशींचा हात इतका घट्ट धरला की आज त्यांना तिथे निळं पडलंय.

मग निघाला आवाज. त्यांनी सांगितलं की ते तरुण असताना नोकरी शोधायला एका मोठ्या शहरात गेले होते. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. ऊन होतं, घसा सुकला होता, एका दुकानापुढे ते रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली. त्यांना मागायचं होतं... आणि इथे बाबा त्याच शब्दावर अडकले. "प... प... प..." सगळ्या देवळाला कळलं होतं कुठला शब्द आहे. सगळ्यांचे ओठ तो शब्द धरून बसले होते. माझ्या तर तो दातांवर येऊन ठेपला होता. आणि पहिल्या बाकावरून वकीलकाकांनी मदत म्हणून खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "पाणी!" बाबा थांबले. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "थांबा काका. मा-माझं मी म्हणतो." बबडे, देवळात उत्तम शुक्रवारी कुणी हसत नाही, पण काल हसले. प्रेमाचं हसू होतं ते. काकांनी दोन्ही हात कानांना लावले. आणि मग सगळे थांबले. खरोखर थांबले, मागे टेकून, जसं आपण घरच्या माणसासाठी थांबतो तसं. बाबांनी घाई केली नाही. आणि म्हणाले, "पाणी."

त्या दुकानदाराने, ते सांगत होते, "बोल लवकर" म्हटलं होतं, मागची माणसं हसायला लागली होती, आणि ते रांग सोडून निघून गेले होते. नोकरीसाठी ज्या खोलीत बसवलं तिथेही कोपऱ्यात पाण्याचा जग होता. त्यांनी मागितलं नाही. संध्याकाळपर्यंत तसेच तहानलेले. "मला वाटायचं, माझ्या बोलण्याची देवालाही लाज वाटत असेल," ते म्हणाले. "पण इथे बघा. त्याचीही जीभ टाळूला चिकटली होती. खाली उभी असलेली माणसं त्यालाही हसत होती. ज्याने सगळं पाणी निर्माण केलं, त्याने माणसांकडे मागितलं. तुटक का होईना, मागितलं. लपवलं नाही." मग ते पुन्हा अडकले, पुन्हा सुटले, आणि शेवटी म्हणाले, "मी लपवलं. म्हणून तहानलेला राहिलो. त-तहान लपवू नये. एवढंच." आणि खाली येऊन माझ्याशेजारी बसले. पेटी वाजवणारी मंडळीतली मुलगी गीत सुरू करायचंच विसरली, पाळकबाई चष्मा पुसत बसल्या. सहाव्या शब्दाला डॉक्टरीणबाई उठल्या, हातातले कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि म्हणाल्या, "मी दोन मिनिटंच बोलणार आहे," आणि खरंच तेवढंच बोलल्या. हा एक चमत्कारच झाला म्हणायचा.

बाहेर पडल्यावर लोक बाबांचा हात हातात घेत होते. वकीलकाका आले आणि नुसती पाठ थोपटत राहिले. मला आनंदाने उडी मारावीशी वाटत होती, पण दिवस दुःखाचा, म्हणून पिशवी छातीशी धरून उभी राहिले. आणि मग घरी येताना, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पायरीवर टेकून, बाबांनी मला ते "नंतर" सांगितलं.

आता नीट वाच, आणि वाचताना रडू नकोस, मीही लिहिताना रडत नाहीये. उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी तू फोन केला होतास. मी बाहेर वाळवणं काढत होते, फोन बाबांनी घेतला, आणि तुझी चिऊ बोलायला आली. तिने हाक मारली, "आ... आ... आ...", आणि ते "आजोबा" काही पूर्ण होईना. मग तू मागून पटकन म्हणालीस, "आजोबा म्हणायचंय तिला," आणि फोन काढून घेतलास, लाइन खराब आहे म्हणून. त्यानंतर कधीही फोन केला की चिऊ झोपलेली असते, नाहीतर खेळायला गेलेली. आणि ईस्टरला येत नाही म्हणालीस, बालवाडीत परीक्षा म्हणे! मला वाटलं तुझं आणि जावईबापूंचं काही बिनसलंय की काय. बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. ती अडखळ त्यांच्याइतकी कोण ओळखणार? त्या रात्री ते जेवले नव्हते, मी पोट बिघडलं असेल म्हणून सोडून दिलं. त्यांच्या मनात आलं, हे माझ्याकडूनच गेलं पोरीला. आणि तूही ते त्यांच्यापासून लपवतेस ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हेही त्यांना कळलं. तुझ्यावर ते जराही रागावलेले नाहीत. पण ते म्हणाले, "मी गप्प बसलो तर ती माझ्याकडे बघून गप्प बसायलाच शिकेल." म्हणून तो हात वर गेला होता, बबडे. मंडळीसाठी नाही, हेडमास्तरांच्या जागेसाठी नाही. चिऊसाठी.

डॉक्टरीणबाईंशी मी आज सकाळी बोलले. लहान मुलांचं पुष्कळदा आपोआप जातं म्हणाल्या, आणि नाही गेलं तरी शिकवणारी माणसं असतात, तुमच्याकडे कुणी आहे का ते बघ, लाजू नकोस. पण तोवर एवढं कर: तिचा शब्द तू पुरा करू नकोस. कठीण आहे, मला विचार. हात धुणं-भांड्यांत गुंतव, दाताखाली पदर धर, पण थांब. तिला शेवटापर्यंत जाऊ दे. कोण जाणे, तीही आजोबांसारखी विनोदी असेल. ईस्टरला तुम्ही येत नाही तर नको. आम्हीच येतोय, पुढच्या शनिवारी, सकाळच्या पहिल्या बसने. तिला "आजोबा" घोकायला लावू नकोस, हे बाबांनी दोनदा बजावून लिहायला सांगितलंय. आत्ता बूट बाजूला ठेवून ते पुन्हा काहीतरी सांगतायत, थांब हं, मी ऐकून घेते. झालं. म्हणतात, कारखान्यात सांगून त्यांनी आठवडाभराची रजा काढली आहे. हाक मारायला तिला सबंध आठवडा लागला तरी चालेल, ते दारातच उभे राहतील.

तुझीच, अजून तोंडावर हात धरून बसलेली,
आई